चौदा नंबरचा आवाज

जबाब देणारीचे नाव ओळखपत्रावरून उतरवून घेतले आहे, ओळख शिंपीणकाकू. वय ६१ वर्षे. धंदा: घरगुती शिवणकाम, एकतीस वर्षांपासून. शिक्षण: नववी. राहणार: घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या वर, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

आज शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मी कोणी न बोलावता स्वतःहून पोलीस ठाण्यात हजर होऊन समक्ष सांगते की, मी वरील पत्त्यावर माझ्या नवऱ्यासोबत राहते. आमचे हे, वय ६६, घड्याळं दुरुस्त करतात. खालचं दुकान त्यांचंच. सोमवारपासून ते इस्पितळात आहेत. आमचा मुलगा, वय ३४, विमा कंपनीत नोकरीला आहे, वेगळा राहतो. त्याने मंगळवारी या ठाण्यात तक्रार दिली आहे की, डोंगर संवर्धन मंडळाचे प्रमुख, म्हणजे आमचे कंडक्टर, यांनी निष्काळजीपणाने त्याच्या वडिलांना डोंगरावर सोडून दिलं. आज मुलगाच मला स्कूटरवरून इथे घेऊन आला. मी त्याच्या तक्रारीला दुजोरा द्यायला आले आहे असं त्याला वाटतं. मी त्यासाठी आलेली नाही. तो बाहेर बाकावर बसला आहे.

हवालदारसाहेबांना मी आधीच सांगितलं की मी बोलेन तसं लिहा. ते 'सदर' आणि 'इसम' घालतात. घालोत, त्यांच्या हाताला सवय आहे. पण माझ्या नवऱ्याला इसम म्हणायचं नाही.

मंडळाविषयी विचारल्यावरून सांगते की, मंडळात एकोणीस जण आहेत. दर रविवारी आम्ही डोंगरावर जातो, झाडं जगवतो, कचरा खाली आणतो, आणि सहा वर्षांपासून मुख्य काम म्हणजे घाणेरी उपटणे. घाणेरी ही काटेरी झुडपं. दिसायला फुलं गोड, पण एकदा पसरली की खाली गवताचं पातंसुद्धा उगवू देत नाही. नुसती छाटून भागत नाही, खोडाखाली खणून मुळाचा गड्डा काढायचा आणि झुडूप दुसऱ्या झुडपावर उलटं टांगायचं, मूळ वर, शेंडा खाली. जमिनीला टेकलं की मेलं परत धरतं. वनखात्याची आम्हाला लेखी परवानगी आहे. तक्रार झाल्यापासून ती थांबवून ठेवली आहे. आता घाणेरी फुलावर आहे. महिन्याभरात फळं धरतील, पाखरं बी नेतील, आणि सहा वर्षांचं काम पाण्यात जाईल. हे साहेबांना बारीकसारीक वाटत असेल. मला वाटत नाही.

कंडक्टर म्हणजे कोण, असं विचारलं. ते बसवर कंडक्टर होते, निवृत्त झाले, वय ६८. शिट्टी अजून गळ्यात असते. मोजल्याशिवाय गाडी हलवायची नाही हे त्यांचं जन्माचं व्रत. मंडळात आलं की प्रत्येकाला नंबर मिळतो आणि तो कायमचा. थांब्यावर शिट्टी झाली की आपापला नंबर ओरडून द्यायचा. ते वहीत बघून खुणा करतात, माणसांकडे बघत नाहीत. बसमध्ये तोंडं बघत बसलो असतो तर तिकिटं कोणी फाडली असती, असं त्यांचं म्हणणं. माझा नंबर तेरा. आमच्या ह्यांचा चौदा.

माझं काम शेपटाचं. म्हणजे ओळीत सगळ्यात मागे चालायचं, कोणाला मागे राहू द्यायचं नाही, आणि उतरताना पट्ट्या सोडायच्या. पट्ट्यांची रीत अशी की, आम्ही दर महिन्याला नवी उतरंड घेतो, तिथे धड वाट नसते. दगडाला रंग फासायचा नाही, प्लास्टिक बांधायचं नाही, हा नियम. म्हणून मी पडद्याच्या उरलेल्या केशरी कापडाच्या वीतभर पट्ट्या कापून देते. चढताना कंडक्टर पुढून त्या फांद्यांना बांधत जातात. फाटा आला की उतरताना ज्या बाजूने जायचं तिकडच्या झाडाला दोन. उतरताना शेवटचा माणूस, म्हणजे मी, एकेक सोडत येते. डोंगरावर आपलं म्हणून काही ठेवायचं नाही, चिंधीसुद्धा नाही. जेवढ्या गेल्या तेवढ्या परत. सहा वर्षांत एकही कमी भरलेली नाही. हे मी अभिमानाने सांगते, आणि त्यातच सगळा घोळ आहे.

रविवारी सकाळी सव्वासहाला आम्ही डेपोच्या कोपऱ्यावरून भाड्याच्या गाडीने निघालो. एकोणीस जण हजर होते. पट्ट्या अडतीस. मी स्वतः मोजून दिल्या. सदर उतरंडीवर आमचा तो दुसराच रविवार होता. दुपारी अडीचपर्यंत काम केलं. आमचे हे माझ्याहून सावकाश काम करतात, पण त्यांनी काढलेला गड्डा बघावा, एक तंतू मागे राहत नाही. ते एका झुडपाला अर्धा तास लावतात. मी त्यांना म्हटलं, "अहो, घड्याळ नाही ते, उघडून काय बघताय?" ते म्हणाले, "बिघडलंय कुठे ते बघतो." असं आमचं चालतं. हे लिहायची गरज नाही असं हवालदारसाहेब म्हणाले. मी म्हटलं, लिहा.

तीन वाजून दहा मिनिटांनी आम्ही निम्म्या उतारावरच्या सिमेंटच्या जुन्या टाकीजवळ थांबलो. तिथे सगळे पाणी पितात, पाय धुतात. टाकीच्या वरच्या उतारावर बावीस पट्ट्या बांधल्या होत्या. मी सोडलेल्या मोजल्या तर एकवीस. पिशवी उलटी केली, परत मोजल्या. एकवीसच. मी मोठ्याने बोलले, आणि मी मोठ्याने बोलते हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे, की "सहा वर्षांत पहिल्यांदा एक कमी! आता मला आठवडाभर झोप लागायची नाही." आमचे हे शेजारी कठड्यावर बसले होते, हत्यारांचं पोतं पायाशी. ते काही बोलले नाहीत. ते एरवीही बोलत नाहीत, म्हणून मला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

ते उठून पट्टी शोधायला वर गेले. कोणाला सांगून गेले नाहीत. मला सांगितलं असतं तर मी जाऊ दिलं नसतं, हे त्यांना ठाऊक. मी पाठमोरी होते. पंधरा नंबर, म्हणजे बेकरीवाले, पाय धूत होते. त्यांनाही दिसलं नाही.

तीन पंचवीसला कंडक्टरनी शिट्टी दिली. नंबर सुरू झाले. बारा नंबर, म्हणजे नर्सबाई, यांनी बारा दिला. त्यानंतर मी "तेरा, चौदा" असं म्हटलं. बेकरीवाल्यांनी पंधरा दिला. असे एकोणीस पुरे झाले.

हे मी पुन्हा स्वच्छ सांगते, कारण चार दिवस हे कोणी सांगितलेलं नाही. चौदा नंबर माझ्या नवऱ्याने दिला नाही. मी दिला. ह्यांचा आवाज मुळात लहान. अकरा वर्षांपूर्वी पहिल्या रविवारी ते पुटपुटले, कंडक्टरनी तीनदा "चौदा कुठाय, चौदा?" केलं, लोक हसले, आणि ह्यांचे कान लाल झाले. पुढच्या रविवारपासून मी एका दमात दोन्ही द्यायला लागले. कोणी हरकत घेतली नाही. अकरा वर्षं दर रविवारी, चढताना, उतरताना. तोंडातून तेरा निघाला की चौदा मागोमाग येतोच. त्या वेळी मी कठड्याकडे मान वळवून पाहिलं का? नाही पाहिलं.

मग चालायला लागलो. पोतं तसंच पडलं होतं, ते बेकरीवाल्यांनी खांद्यावर घेतलं. त्यांना वाटलं, घड्याळवाले काका दमले असतील आणि पुढे गेले असतील. भला माणूस आहे, त्यांच्यावर काही ठेवू नका. टाकीपासून शंभर पावलं खाली आल्यावर घाम पुसायला मी हात वर केला, तर पट्टी माझ्या मनगटावर. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून वर कुठेतरी मीच गुंडाळली होती. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले. बावीस भरल्या.

त्याखाली फाटा आहे. डावीकडची वाट गाडीकडे जाते, उजवीकडची बंद पडलेल्या दगडखाणीकडे. डाव्या बाजूच्या झाडाला दोन पट्ट्या होत्या. तीन चाळीसच्या सुमारास त्या दोन्ही मी सोडल्या. गाठ घट्ट होती, दाताने सोडवली. खाली येईपर्यंत सोळाच्या सोळा सोडल्या. एकूण अडतीस.

गाडीपाशी चार वीसला परत नंबर झाले. मी परत "तेरा, चौदा" म्हटलं. गाडीत आमचे हे नेहमी मागच्या बाकावर पोत्याशेजारी बसतात आणि झोपतात. मी चढताना पोतं मागे दिसलं. नर्सबाई माझ्या शेजारी होत्या, त्यांना मी अडतीस पट्ट्यांची गोष्ट रंगवून सांगत होते. पाच दहाला डेपोच्या कोपऱ्यावर उतरलो. मागच्या बाकावर पोतं होतं. मी तीन वेळा बघितलं. तो बाक तीन माणसांचा आहे, त्यात बघण्यासारखं दुसरं काही नसतं.

ह्यांचा फोन माझ्या पिशवीत होता. तो नेहमी माझ्याच पिशवीत असतो.

कंडक्टरनी गाडी तिथेच वळवली. ते, मी, नर्सबाई, बेकरीवाले आणि ड्रायव्हर असे परत गेलो. वनखात्याचे चार जण आणि या ठाण्याचे दोन शिपाई नंतर आले, त्याची नोंद इथे आहेच. रात्रीबद्दल मला काही सांगायचं नाही.

सोमवारी सकाळी सहा चाळीसला आमचे हे दगडखाणीत, वरच्या कडेपासून दोन माणूस खोल, एका टप्प्यावर सापडले. कंडक्टर सगळ्यांत आधी त्यांच्यापर्यंत उतरले. अडुसष्टाव्या वर्षी, दोरीशिवाय, शिपाई नको नको म्हणत असताना. आमचे हे शुद्धीवर होते. कंडक्टरना बघून म्हणाले, "घड्याळ बंद पडलंय. किती वाजले?" कंडक्टर रडले. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. मी रडले नाही, मी वेळ सांगितली.

ह्यांचा खुबा मोडला आहे, तो बसवला. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं आहे. डॉक्टर म्हणतात, सहा महिन्यांनी काठी घेऊन चालतील. मनगटाचं म्हणतात की हाड जुळेल, पण अंगठा आणि बोट यांची चिमूट पहिल्यासारखी होईल असं आत्ता सांगता येत नाही. घड्याळाचं काम चिमटीचं असतं. दुकानाच्या दारावर सध्या 'लवकरच उघडेल' अशी पाटी लावली आहे. ती मी लावली.

सोमवारी संध्याकाळी इस्पितळाच्या जिन्यात मुलगा मला म्हणाला, "आई, त्या माणसाला मी सोडणार नाही. मोजतो मोजतो म्हणून मिरवतो, आणि माझ्या बाबांना मोजलं नाही." मी गप्प बसले. मंगळवारी तो तक्रार द्यायला निघाला तेव्हाही मी गप्प बसले. माझ्या तोंडाला कधी कुलूप लागत नाही, या चार दिवसांत लागलं. हे माझ्याविरुद्ध जात असेल तर जाऊ दे, पण लिहा.

कंडक्टरनी या ठाण्यात काय सांगितलं ते मला कळलं आहे. त्यांनी सांगितलं, "मोजणी माझी, चूक माझी." एवढंच. चौदा नंबर कोणाच्या आवाजात आला हे त्यांना माहीत आहे. सगळ्या एकोणीस, म्हणजे अठरा जणांना माहीत आहे. कोणी ब्र काढला नाही. बुधवारी ते इस्पितळात आले तेव्हा मी त्यांना बाहेर गाठलं. ते म्हणाले, "काकू, तुम्ही यात पडू नका. मी वहीत बघत होतो, तोंड बघायला हवं होतं. तुमच्या घरात आधीच काय कमी आहे?" नर्सबाईही म्हणाल्या, "काकू, तुमच्याच मुलाची तक्रार. तुम्ही बोललात तर घरात आग लागेल. गप्प राहा." मी दोघांना सांगितलं, मला कोणी पाठीशी घालायची गरज नाही. माझ्या चुकीचं खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फुटलेलं मी बघत बसू? मला नाही जमायचं. त्यांच्या मनात माया होती हे मला कळतं. म्हणूनच जास्त राग आला.

काल, गुरुवारी दुपारी, आमचे हे नीट बोलायला लागले. पहिला प्रश्न, "पट्टी मिळाली का गं?" मी म्हटलं, "माझ्या मनगटावर होती." ते इतके हसले की खुबा दुखला, आणि सिस्टर मलाच ओरडल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि माझा नंबर?"

"मी दिला."

"टाकीवर?"

"टाकीवर पण, गाडीपाशी पण."

त्यांनी वर पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "अकरा वर्षं देतेस. मी तरी कधी तोंड उघडलं?" मी म्हटलं, "तुमची चूक नाही." ते म्हणाले, "फाट्यावर मी दहा मिनिटं उभा होतो. तुझी पट्टी दिसेना. मग मनाशी म्हटलं, हिने सोडली म्हणजे सगळे सुखरूप खाली गेले." एवढं बोलून ते थकले. नंतर विचारलं, "पोराला सांगितलंस?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मी सांगणार नाही. तू सांग."

तरी माझं म्हणणं असं की, माझ्या नवऱ्याला डोंगरावर कंडक्टरनी सोडलं नाही. आमचे हे तिथे नसताना ते आहेत असं दोनदा सांगणारी मी. ते परत येतील त्या वाटेवरच्या खुणा आपल्या हाताने, दाताने काढणारी मी. जे काही कलम लावायचं असेल ते माझ्या नावापुढे लिहावं. मला त्याची भीती वाटत नाही. मुलाच्या तक्रारीतली तारीख, वेळ, जागा सगळं बरोबर आहे, माणूस तेवढा चुकला आहे, आणि तो त्याने मुद्दाम चुकवलेला नाही. त्याला कोणी खरं सांगितलंच नव्हतं.

वनखात्याच्या साहेबांसाठीही दोन ओळी लिहून घ्याव्यात. यापुढे आमच्यात ज्याचा नंबर त्यानेच द्यायचा, आवाज लहान असला तर हात वर करायचा, आणि कंडक्टरनी वही खाली ठेवून तोंड बघायचं. आणि पट्ट्या उतरता उतरता सोडायच्या नाहीत. सगळे खाली येऊन समोर उभे राहिले, की मग दोघांनी परत वर जाऊन सोडायच्या. दमछाक होईल. होऊ दे. त्या दोघांत एक मी असेन. मला काढून टाकायचं असेल तर तेही मंडळाने ठरवावं, पण मंडळ बंद करू नये. ती घाणेरी कोणाची तक्रार वाचत बसत नाही.

हवालदारसाहेबांनी 'चौदा नंबर दिला' याच्या आधी 'नजरचुकीने' असा शब्द घातला होता. ते म्हणाले, काकू, तुमच्या सोयीचा आहे, राहू द्या. मी तो खोडून घेतला व तिथे बारीक सही केली. नजर चुकायला आधी नजर टाकावी लागते.

हा जबाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत मला वाचून दाखवला. माझ्या विनंतीवरून तो दार उघडं ठेवून, बाहेर बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचला, कारण हे मुलाला घरी समोर बसवून सांगायचा मला धीर झाला नाही. लिहिलं आहे ते मी सांगितल्याप्रमाणे आहे, आणि खरं आहे. शेवटचं पान वाचून होईपर्यंत मुलगा उठून दारात येऊन उभा राहिला आहे. स्कूटरची किल्ली हातात आहे, पण गेलेला नाही. मी सही करते.